‘इंतेरबेनीर’: आधी मराठीत म्हणून बघा

स्पॅनिशमधले कागद इंग्रजीत करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. अगदी सुरुवातीला माद्रिदच्या एका रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद आला होता. ‘फुए इंतेरबेनीदा दे कातारातास.’ मी बेधडक ‘शी वॉज इंटरव्हीन्ड फॉर कॅटरॅक्ट्स’ असं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी विम्याच्या कचेरीतून फोन. “मॅडम, बाईंचं ऑपरेशन झालं की नाही, तेवढं सांगा.” मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, इतकं साधं वाक्य होतं ते! इंग्रजीत ‘शी हॅड कॅटरॅक्ट सर्जरी’.

फसवलं ते ‘इंतेरबेनीर’ या स्पॅनिश क्रियापदाने (‘इंतेरबेनीदा’, ‘इंतेरबीनो’ ही त्याचीच रूपं). ते आणि इंग्रजीतलं ‘इंटरव्हीन’, दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले, मूळ अर्थ ‘मध्ये येणे’. पण इंग्रजीने आपला शब्द बराचसा ‘हस्तक्षेप’ एवढ्यावरच ठेवला आणि स्पॅनिशने आपला गावभर हिंडू दिला. चेहरा सारखा, म्हणून आपण फसतो.

माझा उपाय असा. वाक्य आधी मोठ्याने मराठीत म्हणायचं. मराठीत त्या चेहऱ्याचा शब्दच नाही, त्यामुळे नेमकं क्रियापद आपसूक तोंडात येतं. ‘ला पोलिसीया इंतेरबीनो दोस किलोस दे कोकाइना.’ आपला बातमीदार काय लिहील? पोलिसांनी दोन किलो कोकेन जप्त केलं. झालं, इंग्रजीत ‘सीझ्ड’. टेलिफोन ‘इंतेरबेनीर’ केला? टॅप केला. बँक केली? हे महाराष्ट्रातल्या ठेवीदाराला सांगायला नको, प्रशासक नेमला. स्पेनच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २००९ मध्ये ‘काखा कास्तिया-ला मांचा’ या बचत बँकेचं संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक बसवले, तेव्हा स्पॅनिश बातम्यांत हेच क्रियापद होतं. इंग्रजीत ‘टुक ओव्हर’ म्हटलं की वाचणाऱ्याला काय झालं ते कळतं.

मराठीतून जायचं ते अर्थ पकडायला, शब्द उचलायला नव्हे. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यघटनेचं कलम १५५ लावून माद्रिदच्या केंद्र सरकारने कातालोनिया या स्वायत्त प्रांताचा कारभार हाती घेतला, त्यालाही स्पॅनिशमध्ये स्वायत्तता ‘इंतेरबेनीर’ केली म्हणत. आपल्या तोंडात लगेच राष्ट्रपती राजवट येते आणि अर्थ बरोबरही आहे. पण स्पेनमध्ये राष्ट्रपती कुठला, तिथे राजा! इंग्रजीत ‘डायरेक्ट रूल’ लिहायचं. उत्तर आयर्लंडचा कारभार लंडनने असाच हाती घेतला होता, त्यामुळे तो शब्द इंग्रजी वाचकांच्या कानावरचा आहे.

क्रियापदापाठोपाठ ‘एन’ (म्हणजे ‘मध्ये’) आलं की सूर बदलतो. वर जप्ती, टॅपिंग, ऑपरेशन, कुणावर तरी काहीतरी केलं जात होतं. ‘एन’ आलं की कशात तरी भाग घेणं. चित्रपटात असेल तर काम केलं. आजाराच्या कारणांत असेल तर त्यांचा ‘हात आहे’, म्हणजे ‘प्ले अ पार्ट’. सभागृहाच्या इतिवृत्तात तर हमखास खड्डा. मंत्रीणबाई ‘एन एल देबाते’ तीनदा ‘इंतेरबीनो’, म्हणजे चर्चेत तीनदा बोलल्या, ‘स्पोक थ्री टाइम्स’. ‘इंटरव्हीन्ड’ लिहाल तर वाटेल, बाईंनी तीनदा दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातलं. (आंतरराष्ट्रीय संघटनांच्या बैठकांत भाषणाला ‘इंटरव्हेन्शन’ म्हणायची रीत पडली आहे. तिथलंच काम असेल तर ठेवा. मला ते कधी आवडलं नाही.)

कागद कुठल्या देशाचा ते बघितल्याशिवाय मात्र एक अक्षर लिहू नका. ‘फुए इंतेरबेनीदो’, तो ‘इंतेरबेनीदो’ झाला. स्पेनच्या रुग्णालयाच्या कागदात तो ऑपरेशन टेबलावर असतो. पेरूच्या पोलिसांच्या कागदात त्याला पोलिसांनी अडवलेलं किंवा ताब्यात घेतलेलं असतं, आणि मग पुढे पानभर त्याचा उल्लेख ‘एल इंतेरबेनीदो’ असाच येतो. तिथे सर्जरी लिहिलीत तर वकील डोक्याला हात लावेल.

मग ‘इंटरव्हीन’ लिहायचंच नाही का? लिहा ना. मराठीत म्हणताना ‘हस्तक्षेप केला’ किंवा ‘मध्ये पडला’ सहज आलं, तर लिहा. दुसऱ्या देशात सैन्य घुसवणं, मारामारीत पोलीस मध्ये पडणं, चालू दाव्यात तिसऱ्या पक्षाने येणं, इथे तो शब्द चपखल बसतो. पोलिसांच्या बाबतीत मी ‘स्टेप्ड इन’ पसंत करते, इतकंच.

नामालाही तीच युक्ती लावा. ‘इंतेरबेन्तोर’ स्पेनच्या रेल्वेत भेटला तर तो टीसी, मतदान केंद्रावर भेटला तर पक्षाचा पोलिंग एजंट, आणि नगरपालिकेच्या पत्राखाली त्याची सही असली तर तो हिशेब तपासणारा अधिकारी. एका तक्रार अर्जाच्या अनुवादात मी ‘इंटरव्हेंटरने माझं तिकीट मागितलं’ असं वाचलंय. तो मी केलेला नव्हता, एवढं नमूद करते.