दुधी, शेर, निवडुंग, गेवा: एरंड कुळातली झाडं घराजवळ कशी ओळखावीत

पेव्हर ब्लॉकच्या फटीत उगवणारी दुधी आणि दक्षिण आफ्रिकेतलं झुंबरासारखं फांद्या पसरलेलं काटेरी झाड ही एकाच प्रजातीतली भावंडं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जिना उतरून आमच्या पार्किंगमधली दुधी पुन्हा बघून आले होते. प्रजातीचं नाव युफोर्बिया, कुळ एरंडाचं. या एका प्रजातीत सुमारे 2000 जाती आहेत. त्यातल्या काही जाती ठाण्यात राहून, विशेष कुठे न जाता, नीट बघता येतात.

आधी चिकाबद्दल

ही झाडं मोडली की पांढरा चीक गळतो. दुधीचा थेंबभर असतो, पण शेराचा (पेन्सिलीसारख्या हिरव्या फांद्यांचं झुडूप) आणि निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते. दोन वर्षांपूर्वी गॅलरीतल्या शेराची फांदी छाटताना मी त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. रात्रभर डोळा उघडता आला नाही. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच झाडाला हात लावा. चीक कातडीला लागला तर साबणाने लगेच धुवा. डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटं धूत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मुलं सोबत असतील तर झाडं फक्त बघायची, मोडायची नाहीत.

पहिली पायरी: दुधी शोधा

पावसाळ्यात आणि त्यानंतर महिना-दोन महिने कुठल्याही सोसायटीच्या कडेला ती सापडते. भाजीतली दुधी नव्हे, ही तणातली; हिलाच मोठी नायटी म्हणतात. केसाळ, लालसर देठ, समोरासमोर पानं. एक पान उलटंसुलटं करून बघा: देठाजवळ पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक बाजू थोडी खाली उतरलेली असते. ही खूण लक्षात राहिली की चूक होत नाही. जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पानांची असेल तर ती लहान नायटी.

दुधी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. तापलेल्या सिमेंटवर ती तग धरते त्यामागे एक कारण आहे. मका आणि ऊस ज्या पद्धतीने अन्न तयार करतात तीच पद्धत तिच्याकडे आहे, त्यामुळे कडक उन्हात कमी पाण्यात तिचं भागतं. हवाई बेटांवर तिच्याच गटातल्या काही जातींचे चक्क वृक्ष झाले आहेत, तेही हीच पद्धत वापरणारे.

दुसरी पायरी: फूल समजून घ्या

नुसत्या चिकावर विसंबू नका. रुई, चाफा, वड यांनाही चीक असतो. युफोर्बियाची खरी ओळख तिच्या फुलात आहे, आणि त्यासाठी 10 पट मोठं दाखवणारं भिंग लागेल.

गॅलरीत काटेरी, लाल फुलांचं युफोर्बिया असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण त्याचं सगळं मोठं दिसतं. हे मूळचं मादागास्करचं. त्या दोन लाल पाकळ्या खरं तर पाकळ्या नाहीत, रंगीत पानंच आहेत. मधे एक चिमुकला पेला असतो. त्या पेल्यात अनेक नरफुलं, प्रत्येकात फक्त एक पुंकेसर. आणि मादीफूल असलंच तर मधोमध एकच. म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो फुलांचा अख्खा गुच्छ आहे. आता हाच पेला दुधीच्या पानांच्या बेचक्यातल्या गोंड्यात शोधा. टाचणीच्या डोक्याहून लहान असतो, पण असतो. दिसला की दुधी आणि मादागास्करचं झुडूप एका घरचं का, हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

डिसेंबरात नर्सरीत येणारं पॉइन्सेटिया याच प्रजातीतलं, मेक्सिकोचं. त्याचीही लाल पानंच, फुलं मधली पिवळट. पुढच्या वर्षी ते पुन्हा लाल व्हावं असं वाटत असेल तर ऑक्टोबरपासून काही आठवडे त्याला रोज साधारण 14 तास सलग अंधार द्या. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली ठेवलेलं हिरवंच राहतं.

तिसरी पायरी: निवडुंग आणि निवडुंग वेगळे करा

मराठीत आपण दोन वेगळ्या कुळांना निवडुंग म्हणतो. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, खरा कॅक्टस. वईला लावतात तो जाड खोडाचा, चिकाचा निवडुंग युफोर्बिया. काटे बघा: कॅक्टसचे काटे लव असलेल्या छोट्या गादीतून झुबक्याने येतात, आपल्या निवडुंगाचे जोडीजोडीने. शंका असेल तर काट्याने हलकं टोचा. चीक आला तर बहुतेक वेळा तो युफोर्बिया.

दोन्ही कुळं एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या खंडांवर वाढली. पण पाण्याची टंचाई सारखीच, म्हणून दोघांनीही खोडात पाणी साठवलं, पानं कमी केली आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री घ्यायची सवय लावून घेतली. कॅनरी बेटांच्या खडकाळ उतारांवर, मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरात, आफ्रिकेच्या कोरड्या माळांवर अशीच रूपं दिसतात. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागातला चेंडूसारखा युफोर्बिया ओबेसा तर हौशी लोकांनी उपटून नेऊन जवळजवळ संपवला होता. नर्सरीत तो दिसलाच तर बियांपासून वाढवलेलाच आहे ना, हे जरूर विचारा.

चौथी पायरी: खाडीवर जा

युफोर्बियाबाहेर पडून कुळातला एक नातेवाईक बघायचा तर ठाणे खाडीकडे चला. कांदळवनात तिवरांच्या गर्दीत अधूनमधून गेवा असतो. त्याचीही पानं मोडली की चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. इंग्रजीतलं त्याचं एक नावही डोळे आंधळे करणारं असंच आहे. गेव्याला पेला नसतो. नर आणि मादी झाडं वेगळी, नरझाडावर पिवळसर तुरे लोंबतात. गळण्याआधी पानं लाल होतात, त्यामुळे हिरव्या पट्ट्यात तो लांबूनही उठून दिसतो. दुर्बीण असेल तर न्या, फांदी ओढून बघू नका.

येऊरच्या जंगलात याच कुळातला चांदवडा आणि शेंद्रीही भेटतात. चांदवड्याचं पान ढालीसारखं, देठ पानाच्या काठाला न जुळता आत जोडलेला.

वहीत काय लिहायचं

तारीख, जागा, ऊन किती वेळ, पाणी कुठून, जमीन कसली. माझ्या वहीत पहिली नोंद अशी आहे: "दुधी. बी विंग, पाण्याच्या टाकीमागे. दुपारी पूर्ण ऊन. सिमेंटची फट, माती बोटाच्या पेराएवढी. फळ तीन कप्प्यांचं, केसाळ. प्रत्येक कप्प्यात एक बी."