पाव म्हणजे नक्की कुठला पाव?

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाव बनवून विकणाऱ्याचा, पों पों ऐकू आला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात हमखास निघणारा विषय, पाव हा शब्द आला कुठून. काकी म्हणते पायाने कणीक मळायचे म्हणून पाव, शेजारचे काका म्हणतात चार तुकड्यातला एक म्हणून पाव. दोन्ही चूक, पण शोधायचं कसं ते सांगतो.

आधी एक वाक्य बनवा ज्यात शब्दाचे सगळे अर्थ येतील. "देव पावला, पाव किलो साखर मिळाली आणि पावही गरम मिळाला." यातला पहिला क्रियापद, दुसरा मोजमाप, तिसरा खायचा. तिघांची कामं वेगळी, म्हणजे मूळही वेगळं असू शकतं, एकत्र शोधायला गेलात की काकीसारखं होतं.

मग एकेकाचं जुनं रूप बघायचं. देव पावणे हे संस्कृत प्राप् पासून, कोकणीतही पावलो म्हणजे पोचलो. पाव किलोतला पाव पाद पासून, चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, आणि गंमत म्हणजे इंग्रजी फूट त्याच्याच दूरच्या नात्यातला. खायचा पाव मात्र पोर्तुगीज. लॅटिनमधे पानिस, स्पॅनिशमधे पान, इटालियनमधे पाने, पोर्तुगीजमधे तो मधला न विरघळून नाकात गेला आणि पांव असं काहीतरी झालं.

इथेच खरी परीक्षा असते. एका जोडीवर विश्वास ठेवायचा नाही, तसाच बदल अजून कुठे झालाय का बघायचं. लॅटिन मानुस म्हणजे हात, पोर्तुगीजमधे मांव, लॅटिन कानिस म्हणजे कुत्रा, तिकडे कांव. तीन ठिकाणी एकच चाल दिसली की मग बोलायचं.

शेवटी शब्द कोणाबरोबर आला ते तपासा. पोर्तुगीज गोव्यात १५१० ला आले, पोदेर हाही त्यांच्या पादेइरोवरून, म्हणजे वस्तू, बनवणारा आणि नाव तिन्ही एकाच घरचे. पुढे १५४३ ला ते जपानला पोचले, तिथे आजही ब्रेडला पान म्हणतात आणि कोरियन लोकांनी तोच शब्द जपानीतून उचलून प्पांग केला. पण म्हणून विड्याचं पान त्यात ओढू नका हां, ते संस्कृत पर्ण, दिसायला जपानी पानासारखं असलं तरी.