डिझेल गाडी: इंधनाची स्वच्छता, इंजिनाची उष्णता आणि खर्चाचा खरा हिशोब

डिझेल इंजिन दणकट असते ही समजूत जुनी आहे आणि जुन्या इंजिनांच्या बाबतीत ती खरीही होती. यांत्रिक पंपावर चालणारी ती इंजिने थोडेफार गढूळ डिझेलही निमूटपणे पचवत असत. आजच्या कॉमन रेल इंजिनाचा (ज्यात सर्व इंजेक्टरना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांना, उच्च दाबाच्या एकाच सामायिक नळीतून म्हणजे ‘रेल’मधून डिझेल मिळते) ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट अजूनही मजबूत असतात. मात्र मोठा खर्च ज्या भागांवर येतो ते इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा हे भाग कमालीच्या सूक्ष्मतेने घडवलेले असतात. रेलमधील डिझेलचा दाब सर्वसाधारणपणे १६०० ते २५०० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरमधील सरकत्या भागांमध्ये जेमतेम काही मायक्रॉनची फट असते. म्हणून अशा गाडीची विश्वासार्हता प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते: टाकीत जाणारे डिझेल किती स्वच्छ व कोरडे आहे, आणि इंजिनाला पुरेसे तापून चालायला मिळते की नाही. ॲव्हरेजचा विचार त्यानंतर करावा.

आधी आपला वापर तपासावा

डिझेल गाडी घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या फेऱ्यांची लांबी आठवडाभर लिहून ठेवावी. बहुतेक फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या आणि गर्दीतल्या असतील, तर गाडी कितीही चांगली असली तरी ती आपल्यासाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. डिझेल इंजिन इंधनातील उष्णता कमी वाया घालवते, त्यामुळे ते तापायलाही वेळ घेते. दुसरीकडे, एक्झॉस्टमधील काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरत आला की ती जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते गाठण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते आणि ही प्रक्रिया पूर्ण व्हायला साधारण दहा ते वीस मिनिटे अखंड चालणे आवश्यक असते. इंजिन मध्येच बंद केले की काजळी तशीच राहते. शिवाय अनेक इंजिनांत हे जादा डिझेल उशिरा सिलिंडरमध्येच सोडले जात असल्याने त्याचा काही भाग पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइल पातळ होत आहे असे समजून ते लगेच बदलावे.

छोट्या फेऱ्या टाळता येत नसतील, तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. फेरी संपत आली असताना पंखा विनाकारण जोरात फिरत असेल, आयडलिंगचा वेग नेहमीपेक्षा जास्त असेल आणि तात्कालिक ॲव्हरेज घसरलेले दिसत असेल, तर काजळी जाळणे बहुधा सुरू आहे. शक्य असल्यास आणखी काही किलोमीटर जाऊन यावे.

डिझेल भरताना आणि भरल्यानंतर

डिझेलची प्रत मोजण्याचे निकष ठरलेले आहेत. युरोपीय मानक ईएन ५९० नुसार डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, पाणी २०० मिलिग्रॅमच्या आत असावे आणि सीटेन क्रमांक किमान ५१ असावा. सीटेन क्रमांक जितका अधिक, तितके डिझेल फवारल्यानंतर लवकर पेट घेते. तो कमी असेल तर थंड इंजिन खडखडाट करते आणि सुरुवातीला पांढरा धूर सोडते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो आणि शुद्धीकरण कारखान्यातच तो रसायने घालून भरून काढावा लागतो. हाय प्रेशर पंपाला डिझेलखेरीज दुसरे वंगण बहुधा मिळत नाही, हे लक्षात घेतले की भेसळीचा धोका उमगतो. डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळले की इंजिन काही काळ चालतेही, पण पंपाचे धातूचे पृष्ठभाग कोरडे घासू लागतात. त्यातून निघालेला धातूचा चुरा रेलमधून सर्व इंजेक्टरपर्यंत पोहोचला की केवळ पंप बदलून भागत नाही; पंप, रेल, नळ्या आणि इंजेक्टर असा सगळा संच बदलावा लागतो आणि टाकीही धुवावी लागते. डिझेल गाडीच्या आयुष्यात याहून महाग दुरुस्ती क्वचितच येते.

यासाठी ज्या पंपावर डिझेलचा खप मोठा आहे, तेथूनच शक्यतो इंधन घ्यावे, कारण तेथे साठा जुना होत नाही. टँकर रिकामा होत असताना किंवा नुकताच झालेला असताना भूमिगत टाकीच्या तळाचा गाळ व पाणी ढवळलेले असू शकते. अशा वेळी थांबावे किंवा पुढच्या पंपावर जावे. पावती जपून ठेवावी. शंका वाटल्यास स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत थोडे डिझेल घेऊन ते काही तास स्थिर ठेवावे. चांगले डिझेल आरपार स्वच्छ दिसते. तळाशी वेगळा थर साचला तर ते पाणी, आणि संपूर्ण डिझेल धुरकट दिसले तर त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब तरंगत असावेत. कडाक्याच्या थंडीत मात्र डिझेलमध्येच असलेल्या मेणामुळेही ते असेच गढूळ होते, म्हणून बरणी उबदार जागी ठेवून मगच निष्कर्ष काढावा. या चाचणीतून रॉकेलची भेसळ कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी.

पाणी हा डिझेलचा सर्वांत सामान्य शत्रू आहे. टाकी अर्धी-अधिक रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर टाकीतल्या दमट हवेतील बाष्प थंड भिंतींवर जमते आणि थेंबांच्या रूपाने तळाशी उतरते. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढतात आणि त्यांचा चिकट, काळपट थर फिल्टर बुजवतो. बायोडिझेल मिसळलेले इंधन पाणी अधिक शोषते व लवकर खराब होते, म्हणून ते साठवून ठेवणे टाळावे. गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

बहुतेक डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचण्याची जागा असते. इंधनात पाणी असल्याचा दिवा लागला, तर गाडी पुढे न दामटता सुरक्षित जागी थांबवावी. इंजिन बंद करून फिल्टरखाली भांडे धरावे, तळाचा निचरा स्क्रू सैल करावा, स्वच्छ डिझेल येऊ लागेपर्यंत पाणी जाऊ द्यावे आणि स्क्रू पुन्हा घट्ट करावा. त्यानंतर डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप कडक होईपर्यंत दाबावा, किंवा टाकीत विद्युत पंप असल्यास इंजिन सुरू न करता चावी दोन-तीन वेळा चालू-बंद करावी, म्हणजे हवा निघून जाते. हवा न काढता स्टार्टर रेटत राहणे म्हणजे हाय प्रेशर पंप कोरडा फिरवणे होय. फिल्टर बदलतानाही हाच क्रम पाळावा. नवा फिल्टर बाटलीतल्या न गाळलेल्या डिझेलने भरून बसवण्याची सवय कॉमन रेल इंजिनासाठी धोक्याची आहे, कारण तेच डिझेल थेट इंजेक्टरकडे जाऊ शकते. फिल्टरवर पैसे वाचवू नयेत.

चुकून पेट्रोल भरले गेले, तर चावीसुद्धा फिरवू नये, कारण अनेक गाड्यांत त्या क्षणीच टाकीतला पंप सुरू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडे पेट्रोल मिसळण्याचा जुना सल्ला आजही कानावर येतो. नव्या इंजिनांत तो मुळीच अमलात आणू नये. बाजारात मिळणाऱ्या रंगीबेरंगी बाटल्यांविषयीही अशीच सावधगिरी बाळगावी. इंजेक्टरचे झिजलेले भाग कोणतेही द्रव भरून काढत नाही आणि डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घातल्याने डीपीएफमध्ये राख मात्र साचू शकते.

ज्या गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरिया द्रावण लागते, तेथे त्याची प्रतही तितकीच सांभाळावी. हे द्रावण ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले खनिजरहित पाणी असे असते, उणे ११ अंशांना गोठते आणि उन्हात ठेवल्यास लवकर खराब होते. घरी खताचा युरिया विरघळवून ते बनवू नये आणि त्यासाठी डिझेलचे नरसाळे वापरू नये.

धूर पाहून निदान करण्यापूर्वी

काळा धूर म्हणजे इंधन अधिक किंवा हवा कमी. प्रथम एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप पाहावेत. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असू शकतो किंवा कूलंटच्या वाफेचा. कूलंटची पातळी घटत असेल तर दुसरी शक्यता अधिक. इंजिन उशिरा सुरू होत असल्यास एकदम इंजेक्टर बदलण्याची घाई करू नये. आधी बॅटरी आणि ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारा भाग), मग इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते का, आणि त्यानंतर प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलची तुलना असा क्रम ठेवावा. एकाच इंजेक्टरमधून इतरांपेक्षा बरेच अधिक डिझेल परत येत असेल, तर दोष तेथे आहे. ही तपासणी सोपी आणि स्वस्त आहे, आणि तिच्यावाचून चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला देणाऱ्या गॅरेजला कारण अवश्य विचारावे.

खर्चाचा हिशोब

डॅशबोर्डवरील ॲव्हरेजवर विसंबू नये. टाकी काठोकाठ न भरता पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप थांबेपर्यंत भरावी, किलोमीटर टिपावेत, पुढच्या वेळी पुन्हा तेवढीच भरावी आणि कापलेले अंतर दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. अशा सलग पाच-सहा नोंदींची सरासरी विश्वसनीय असते. ती सातत्याने घसरू लागली, तर टायरमधील हवा, अडकलेला ब्रेक आणि वारंवार होणारी काजळीची जाळणी यांचा शोध घ्यावा.

पेट्रोल आणि डिझेल यांची तुलना करताना लिटरमागील किलोमीटर फसवतात. १५ ऐवजी २० किलोमीटर मिळू लागले, तर दर ६० किलोमीटरला एक लिटर वाचते; १० ऐवजी १२ मिळू लागले, तरीही अगदी तेवढेच वाचते. म्हणून दोन्ही गाड्यांसाठी १०० किलोमीटरला लागणारे लिटर काढावेत आणि त्यांना त्या-त्या इंधनाच्या दराने गुणावे. दोन्ही इंधनांचा दर सारखा आणि डिझेल गाडीची जादा किंमत १००० लिटर इंधनाइतकी धरली, तर वरील उदाहरणात ती वसूल होण्यास ६०,००० किलोमीटर चालावे लागेल. यात डिझेल फिल्टर, डीपीएफला चालणारे कमी राखेचे ऑइल आणि युरिया द्रावणाचा खर्च मिळवावा. हे द्रावण ढोबळमानाने डिझेलच्या तीन ते पाच टक्के लागते. हमीचा काळ संपल्यानंतर एका इंजेक्टर संचाची किंमत दर किलोमीटरवर वाटून बाजूला ठेवली, तर मोठी दुरुस्ती आल्यावर गाडी विकण्याची घाई होत नाही.

जुनी डिझेल गाडी घेताना ती पूर्णपणे थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे. स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र) लावून डीपीएफमधील काजळी आणि राख यांचे आकडे स्वतंत्रपणे मागावेत. काजळी जळते, राख जळत नाही. तिचे प्रमाण मर्यादेजवळ गेलेले असेल, तर फिल्टर धुण्याचा किंवा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.