जुन्या छायाचित्रातला ब्रिटिश हलका रणगाडा नेमका कोणता, हे कसे ओळखावे

दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनने बांधलेले हलके रणगाडे छायाचित्रात पहिल्या नजरेला सारखेच दिसतात, आणि छायाचित्राखाली नुसते ‘हलका रणगाडा’ असे लिहिलेले असते. तो नेमका कोणता ‘मार्क’, म्हणजे कितवी आवृत्ती, आहे हे ठरवायचे असेल, तर आधी त्या ओळीवर विसंबणे सोडावे. विकर्स कंपनीचा जो रणगाडा पुढे ‘मीडियम’ म्हणून ओळखला गेला, त्याचे १९२४ च्या सुमाराचे अधिकृत नाव ‘हलका रणगाडा मार्क १’ असेच होते. म्हणून तीन पौंडी (सुमारे तीन पौंडांचा गोळा डागणारी) तोफ असलेला उंच, बोजड रणगाडा दिसला, तर खालची ओळ काहीही सांगो, तो आपल्या विषयातला नाही.

या घराण्याचे मूळ सर जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड यांनी बांधलेल्या, बुरूज नसलेल्या चिमुकल्या टँकेटमध्ये, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या छोट्या चिलखती गाडीत आहे. १९२७ मध्ये सॅलिसबरी मैदानावर प्रायोगिक यांत्रिक दलाच्या सरावात अशी वाहने टेहळणीसाठी वापरली गेली, १९२८ मध्ये विकर्स-आर्मस्ट्राँगने कार्डन-लॉइडचा व्यवसाय विकत घेतला, आणि त्यानंतर टँकेटवर फिरता बुरूज बसवून हलका रणगाडा घडवण्यात आला. पुढची दहा वर्षे मोठे युद्ध होणार नाही असे गृहीत धरून खर्च आखण्याचा नियम १९३२ पर्यंत लागू होता. तेव्हा पैसा बेताचाच असे, आणि म्हणूनच प्रत्येक नवा मार्क आधीच्याच सांगाड्यात एखाद-दुसरा बदल करून आलेला दिसतो. आपल्याला नेमके हेच बदल शोधायचे आहेत.

सुरुवात बुरुजापासून करावी. बुरूज अरुंद असून त्यातून एकच मशीनगन बाहेर आलेली असेल, तर तो मार्क १ ते ४ यांपैकी आहे. या रणगाड्यांत दोनच माणसे असत: एक चालक आणि दुसरा कमांडर. दिशा दाखवणे, टेहळणी करणे आणि मशीनगन चालवणे ही सगळी कामे त्या एकट्या कमांडरवर पडत. मार्क ५ मध्ये तिसरा माणूस आला, बुरूज रुंद झाला आणि त्यात दोन मशीनगन शेजारी शेजारी बसल्या, एक १२.७ मिलिमीटरची आणि दुसरी ७.७ मिलिमीटरची. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास एक नळी जाड आणि दुसरी बारीक असल्याचे स्पष्ट दिसते. माझ्या मते या साऱ्या घराण्यातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच आहे, कारण कमांडरला आजूबाजूला पाहायला सवड मिळाली, ती येथून पुढे.

एकच मशीनगन दिसत असेल, तर नजर चाकांवर आणावी. मार्क १ ला पट्ट्यांच्या स्प्रिंगा होत्या, मात्र हे रणगाडे थोडेच बांधले गेल्याने त्यांची छायाचित्रे क्वचितच समोर येतात. नंतरच्या मार्कांत सिडनी हॉर्स्टमन यांच्या नावाने ओळखली जाणारी, आडव्या गुंडाळी स्प्रिंगांची रचना आली, आणि दोन-दोन चाकांच्या जोडीमध्ये ती स्प्रिंग उघडी दिसते. चाकांभोवती फिरणारी साखळी मागच्या बाजूला ज्या वेगळ्या चाकावरून वळते ते चाक मार्क २ आणि ३ मध्ये आहे. मार्क ४ मध्ये ते काढून टाकले असून तेथे शेवटचे भारवाही चाकच ते काम करते. भारतासाठी बनवलेल्या मार्क २ च्या बुरुजावर टेहळणीची घुमटी दिसते. १९३५ मध्ये वायव्य सरहद्दीवरील मोहमंद टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत मार्क २ प्रकारचे हलके रणगाडे वापरले गेले, त्यामुळे डोंगराळ पार्श्वभूमी असल्यास ही शक्यता आधी तपासावी.

दोन मशीनगन असतील, तर बहुधा तो मार्क ६ चाच एखादा प्रकार निघतो, कारण १९३६ पासून सर्वाधिक संख्येने तेच बांधले गेले. त्याचे वजन सुमारे पाच टन, चिलखत जास्तीत जास्त १४ मिलिमीटर आणि वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटर होता. मार्क ५ पासून तो वेगळा काढण्यासाठी बुरुजाची मागची बाजू पाहावी. बिनतारी संच ठेवण्यासाठी मार्क ६ मध्ये ती लांबवलेली आहे. त्यानंतर साखळीचा वरचा भाग पेलणारी छोटी पुली शोधावी. ती चाकांच्या पुढच्या जोडीवर असेल तर साधा मार्क ६, आणि रणगाड्याच्या अंगावर, म्हणजे बाजूच्या पत्र्यावर असेल तर ६ए किंवा ६बी. या दोघांतला फरक घुमटीत आहे: ६ए ची घुमटी पैलूदार आहे, ६बी ची साधी गोल. उत्पादन सोपे व्हावे म्हणून हा बदल केला गेला, आणि त्याच हेतूने रेडिएटरवरची दोन तुकड्यांची चिलखती झडप ६बी मध्ये एकसंध झाली. माथ्यावर घुमटीच नसेल आणि विकर्स मशीनगनच्या जाड आवरणाच्या नळ्यांऐवजी लांब, सडपातळ नळी दिसत असेल, तर तो १५ मिलिमीटरची बेसा मशीनगन बसवलेला ६सी समजावा. बुरुजात एकाच प्रकारच्या चार बेसा मशीनगन असतील, तर तो विमानवेधी प्रकार आहे.

१९४० मधली फ्रान्समधली छायाचित्रे पाहताना विशेष काळजी घ्यावी. त्या वेळी पायदळ डिव्हिजनांच्या टेहळणी रेजिमेंटमध्ये प्रत्येकी २८ हलके रणगाडे असत आणि त्यांच्यासोबत ब्रेन कॅरियर, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या, बुरूज नसलेल्या उघड्या चिलखती गाड्याही असत. चाके आणि स्प्रिंगा यांची धाटणी दोन्हींत सारखी असल्याने, वरचा भाग झाडीने झाकलेला असेल तर गफलत होते. बुरूज दिसेपर्यंत निर्णय देऊ नये. चार मोठी चाके आणि दोन पौंडी तोफ दिसली, तर तो १९३७ च्या सुमारास विकर्सने स्वतःहून आखलेला मार्क ७, म्हणजे टेट्रार्क होय, आणि त्याची चाकांची रचना वर सांगितलेल्या कोणत्याही खुणेशी जुळत नाही. घुमटी धुरकट दिसत असेल आणि झडप दिसतच नसेल, तर नोंद ‘मार्क ६ए किंवा ६बी’ अशीच ठेवावी.