मध्ययुगीन हस्तलिखितांवरून पोशाख शिवताना या चुका टाळा

युरोपीय मध्ययुगाच्या रीएनॅक्टमेंटसाठी, म्हणजे त्या काळचे जीवन वेशभूषेसह पुन्हा उभे करण्याच्या छंदासाठी, पोशाख शिवणाऱ्यांना आज जी साधने घरबसल्या मिळतात, ती पूर्वी ग्रंथालयाची परवानगी असलेल्या मोजक्या अभ्यासकांनाच मिळत असत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे गॅलिका, ऑक्सफर्डचे बोडलियन, व्हॅटिकन, हायडेलबर्ग विद्यापीठ, न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, स्वित्झर्लंडचा ई-कोडिसेस प्रकल्प अशा अनेक संग्रहांनी आपली सचित्र हस्तलिखिते मोफत पाहण्यासाठी खुली केली आहेत. तरीही आमच्या गटात दाखल होणारा जवळजवळ प्रत्येक नवखा मनुष्य पिंटरेस्टवरची चित्रे घेऊन येतो आणि त्याच त्या चुका करतो. त्या चुका आणि मी लावून घेतलेल्या सवयी येथे मांडतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शेल्फमार्क नसलेल्या चित्रावर विसंबणे. शेल्फमार्क म्हणजे ग्रंथालयाने त्या हस्तलिखिताला दिलेला क्रमांक. क्रमांक आणि पान ठाऊक नसेल, तर समोरचे चित्र कोठले, केव्हाचे आणि खरोखर जुने आहे की नाही, हे काहीच सांगता येत नाही. आमच्या गटातील एका हौशी तरुणीने पंधराव्या शतकातील दरबारी स्त्रीचा पोशाख म्हणून एक सुंदर झगा शिवला. मखमल उंची होती आणि हातशिलाई तर वाखाणण्याजोगी होती, पण गळा इतका खोल आणि रुंद होता की पाहताक्षणी शंका आली. आधार विचारला तेव्हा तिने फोनवर एक चित्र दाखवले, ज्याच्याखाली फक्त ‘मध्ययुगीन स्त्रिया’ एवढेच लिहिले होते. त्या चित्राचा उलटा शोध घेत गेल्यावर ते एका संग्रहालयाच्या पानावर सापडले आणि तेथे चित्रकाराच्या जागी स्वच्छ लिहिलेले होते: स्पॅनिश फोर्जर.

हे टोपणनाव ज्या बनावटकाराला मिळाले, त्याचे खरे नाव आजही कोणाला ठाऊक नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, बहुधा पॅरिसमध्ये, काम करत होता. जुन्या गायनग्रंथांची अस्सल चर्मपत्रे मिळवून त्यांवर तो ‘मध्ययुगीन’ प्रसंग रंगवी आणि हौशी श्रीमंतांना विकी. प्रसंगांची मांडणी तो त्या काळी छापल्या जाणाऱ्या रंगीत चित्रग्रंथांवरून उचलत असे. मॉर्गन ग्रंथालयाच्या बेल द कोस्टा ग्रीन यांनी 1930 मध्ये त्याचे एक चित्र बनावट असल्याचे ओळखले. ते चित्र एका स्पॅनिश चित्रकाराच्या नावावर खपवले गेले होते, म्हणून हे नाव रूढ झाले. पुढे त्याच्या चित्रांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी अस्तित्वातच नसलेला आर्सेनिकयुक्त हिरवा रंगही सापडला. पोशाख शिवणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची खूण मात्र रंगाची नाही. त्याच्या स्त्रिया मान कलवून लाडिक हसतात आणि त्यांचे गळे पंधराव्या शतकात दिसू नयेत इतके खोल असतात. नेमका तोच गळा आमच्या तरुणीने बेतला होता. संग्रहालयांनी काहीही लपवलेले नाही; त्यांच्या पानांवर ‘बनावट’ असे लिहिलेले असते, पण चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती ओळ गळून पडते. मखमल वाया गेली नाही, झग्याच्या घेरातून दोन शिरटोप निघाले. पण एवढ्या मेहनतीच्या शिलाईआधी थोडी चौकशी केली असती तर काय बिघडले असते?

माझी सवय अशी आहे की मूळ पानापर्यंत पोहोचल्याशिवाय चित्र जतनच करायचे नाही, आणि जतन करताना फाइलच्या नावातच शहर, ग्रंथालय, क्रमांक, पान आणि बाजू लिहायची. हस्तलिखितांत पानाला एकच क्रमांक असतो आणि त्याच्या दोन बाजू रेक्टो (पुढची) व व्हर्सो (मागची) म्हणून वेगळ्या सांगतात. पोथी हाताळलेल्या मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये. या शिस्तीचा उपयोग ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा कळला. लटरेल साल्टर या स्तोत्रग्रंथासारख्या हस्तलिखिताचे जुने दुवे त्यानंतर निरुपयोगी झाले. ज्यांनी फक्त दुवे साठवले होते ते हळहळत बसले, आणि ज्यांच्याकडे ‘अ‍ॅडिशनल 42130’ हा क्रमांक होता त्यांना इतरत्र छापलेली तीच पाने शोधता आली.

दुसरी चूक जरा कसलेले लोकही करतात: हस्तलिखिताला एकच तारीख असते असे ते गृहीत धरतात. बोडलियनमधील ‘बोडली 264’ घ्या. त्यातील अलेक्झांडरच्या कथेची नक्कल 1338 मध्ये पूर्ण झाली आणि फ्लँडर्समधील चित्रकारांनी तिची चित्रे 1344 मध्ये संपवली. पुढे सुमारे 1400 नंतर इंग्लंडमध्ये त्याच बांधणीत आणखी मजकूर जोडला गेला, ज्यात मार्को पोलोचा प्रवास आहे. 218व्या पानावरचे व्हेनिसचे प्रसिद्ध चित्र या दुसऱ्या भागातले आहे. दोन्ही भागांत साधारण दोन पिढ्यांचे अंतर आहे आणि तेवढ्यात पुरुषांच्या पोशाखाचा सांगाडाच बदलला. तरीही ‘1344’ ही एकच तारीख सांगून पहिल्या भागातील शिरटोप आणि दुसऱ्यातील रुंद बाह्यांचा पायघोळ अंगरखा एकाच माणसाच्या अंगावर चढवलेला मी पाहिला आहे.

फ्रान्समधील शाँतियी येथील ‘त्रे रिश अर’ हे बेरीच्या ड्यूकचे प्रार्थनापुस्तक तर याहून फसवे आहे. ते रंगवणारे लिंबूर्ग बंधू आणि स्वतः ड्यूक 1416 मध्ये वारले आणि काम अर्धवट राहिले. त्यातील दिनदर्शिकेच्या सप्टेंबरच्या पानाचा खालचा भाग, म्हणजे द्राक्षे तोडणारी माणसे, झाँ कोलोंब याने 1485च्या सुमारास रंगवला. म्हणून मी कॅटलॉगमधील वर्णन शेवटपर्यंत वाचतो. ते रुक्ष असते, अनेकदा फ्रेंच किंवा जर्मनमध्ये असते आणि नवख्यांना त्याचा कंटाळा येतो, पण कोणते पान कोणी व केव्हा रंगवले हे तेथेच लिहिलेले असते. भाषांतराची यंत्रे हाताशी असताना ही सबब मी ऐकून घेत नाही.

शोधताना ‘पोशाख’ किंवा ‘कपडे’ असे शब्द टाकू नयेत; ग्रंथाचा प्रकार टाकावा, तोही त्या ग्रंथालयाच्या भाषेत. बुक ऑफ अवर्स, म्हणजे वर उल्लेखिलेल्या प्रकारचे प्रार्थनापुस्तक, यासाठी फ्रान्समध्ये ‘लिव्र दर’ आणि जर्मनीत ‘श्टुंडेनबूख’ असे शोधले की दिनदर्शिकेच्या पानांवर नांगरणारे, कापणी करणारे, डुकरे मारणारे लोक आपोआप हाती लागतात. शिकाऱ्यांचे कपडे हवे असतील तर गॅलिकावर गास्तों फेब्यूस या फ्रेंच सरदाराच्या मृगयाग्रंथाची ‘फ्रांसे 616’ ही प्रत उघडावी.

विषय बायबलचा आहे म्हणून हस्तलिखित बाजूला सारू नये. मॉर्गनमधील ‘एम 638’ हे 1240च्या दशकातील चित्रमय बायबल जुन्या कराराच्या कथा सांगते, पण त्यातील माणसे तेराव्या शतकातील फ्रान्सची आहेत. रूथच्या कथेतील कापणी करणारे पाहिले तर कमरेला गुंडाळलेला, सैल चोळण्यासारखा लिननचा ब्रे, म्हणजे पुरुषांचे अंतर्वस्त्र, स्पष्ट दिसतो. देवदूत, प्रेषित आणि कुमारी मारिया यांचे घोळदार वस्त्र मात्र परंपरेने ठरलेले असते. ते नमुना म्हणून घेऊ नये. परकीय राजे आणि ‘सारासेन’ (त्या काळी युरोपीयांनी मुसलमानांना दिलेले नाव) योद्धे यांच्या टोप्यांत तर चित्रकाराची कल्पनाच जास्त असते.

गॅलिकावरील अनेक प्रती जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या, कृष्णधवल आहेत. त्यांवरून बेत पाहावा, रंगाविषयी मौन पाळावे. रंगीत प्रतींतही चित्रकाराचे रंगद्रव्य आणि रंगाऱ्याचा कापडाचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिलखताच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे, कारण चित्रकारांनी लावलेला चांदीचा वर्ख कालांतराने काळवंडतो. काळे चिलखत दिसले की त्याच पानावरच्या तलवारी, खिडक्या आणि नदीचे पाणी पाहावे. तेही तितकेच काळे असेल, तर चिलखताला काळा रंग देण्याचे काही कारण नाही.