दसऱ्याला दुसरा गाळा, त्याआधी काय काय

पुण्याच्या नारायण पेठेत लॅपटॉप दुरुस्तीचं एक टेबल, एक मी आणि हाताखाली एक पोरगा, एवढ्यावर माझी बरीच वर्षं निघाली. यंदा दसऱ्याला धायरीत दुसरा गाळा उघडायचं ठरलंय. ठरवलं तेव्हा वाटलं होतं की फर्निचर, पाटी आणि गरम हवेनं चिप सोडवणारा एक जादा ब्लोअर घेतला की झालं. मग ऐन जुलैत तापानं दोन दिवस घरी पडलो आणि पहिल्याच तासात दुकानातून अकरा फोन आले. निळ्या स्टिकरचा लॅपटॉप कोणाचा? वाड्यातल्या काकूंना किती सांगितले होते? क्लासवाल्या सरांची डिस्क कुठल्या खणात? सगळी उत्तरं माझ्या डोक्यात, आणि डोकं तर पांघरुणात. तेव्हा ही यादी केली. एका टेबलावरून दोन टेबलांवर जाणाऱ्या आणखी कोणाला उपयोग झाला तर बरंच.

यादीत पहिलं जॉबशीट, गाळ्याच्या डिपॉझिटच्याही आधी. आतापर्यंत मी पावतीपुस्तकात 'लॅपटॉप, चालू होत नाही' एवढंच खरडायचो, बाकीचं आठवायचं. आता छापील शीट हवं, दोन प्रतींत. मॉडेल, सिरियल नंबर, रॅम किती, डिस्क किती, बॅग दिली का, बिजागरी सैल आहे का, कोपरा फुटलाय का, आणि तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. 'हळू चालतो' आणि 'मध्येच अडकतो' हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात बहुतेकदा जुनी हार्ड डिस्क नाहीतर अपुरी रॅम निघते, दुसऱ्यात डिस्कचे खराब सेक्टर किंवा तापणारा प्रोसेसर. पोरगा दोन्हीकडे 'स्लो' लिहून मोकळा होतो. मशीन घेताना चारही बाजूंचे फोटो काढायचे, तेही गिऱ्हाईक समोर उभं असतानाच.

चार्जरचं वेगळं सांगतो. एका प्राध्यापकांशी चार्जरवरून अर्धा तास वाद झाला होता. ते म्हणाले दिला, मी म्हणालो नाही दिला. शेवटी नवा दिला. आठवड्यानं त्यांचा चार्जर त्यांच्याच बहिणीकडे सापडला. पैसे आणून दिले हो त्यांनी, पण त्यानंतर काही ते दुकानात आले नाहीत. म्हणून चार्जर घ्यायचाच नाही. वेगवेगळ्या पिनांचे आपले चार्जर दोन्ही दुकानांत ठेवायचे. तक्रार चार्जिंगचीच असेल तेव्हाच घ्यायचा, आणि त्यावर पांढऱ्या मार्करनं लगेच जॉब नंबर टाकायचा.

शीटवरची सगळ्यात महत्त्वाची चौकट मात्र बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची. ती मी लाल शाईनं छापून घेतोय. नव्या विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बोर्ड बदलला, कधी नुसतं बायोस (मशीन चालू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, तरी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की असते मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि ते खातं दुकानदारानं विकतानाच उघडून दिलेलं असतं, स्वतःच्याच कुठल्यातरी ईमेलवर. अशा एका मशीनचा बोर्ड मी व्यवस्थित बदलला, मशीन उत्तम चालू झालं, आणि आतला सात वर्षांचा हिशेब कायमचा बंद झाला. की मिळाली नाही म्हणजे नाहीच मिळाली. तेव्हापासून नियम असा की मशीन चालू होत असेल तर हातात घेताक्षणी एनक्रिप्शन आहे का ते बघायचं, असेल तर गिऱ्हाइकाकडूनच की काढून घ्यायची, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचलायचा. मशीन बंदच असेल तर 'डेटा परत मिळेलच असं नाही' या ओळीवर सही. फॉरमॅट मारायचा असेल तर डेटा कुठल्या ड्राइव्हवर, किती जीबी आणि कोण घेणार, हेही तिथेच लिहायचं. 'सगळं घ्या' हे उत्तर चालत नाही, कारण त्या 'सगळ्या'त हिशेबाच्या टॅलीचं फोल्डर सी ड्राइव्हच्या कुठल्यातरी कोपऱ्यात लपलेलं असतं.

पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपला चिकटवायची आपली सवय वाईट आहे. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पासवर्ड शीटच्या आपल्या प्रतीवर लिहायचा आणि ती प्रत खणात कुलपात ठेवायची. मशीन देताना गिऱ्हाइकाला तो बदलायला सांगायचा. टेबलावरचे सगळे स्क्रीन दुकानाच्या दर्शनी बाजूला वळवायचे, म्हणजे कोण काय उघडतंय ते दिसतं. फोटोंच्या फोल्डरला कारणाशिवाय हात लागला तर त्या दिवशीच नोकरी संपली, हे पोराला पहिल्या दिवशी सांगायचं, पंधराव्या दिवशी नाही. आणि एसएसडी टाकल्यावर निघालेली जुनी डिस्क पाकिटात घालून परत द्यायची. आपल्या खणात दुसऱ्याची डिस्क राहता कामा नये. पुण्यातली गिऱ्हाइकं काढलेला पार्ट मागून घेतातच, त्यांनी मागायच्या आधी दिला तर बिलावर प्रश्न कमी येतात, असा माझा अनुभव आहे.

टकटक वाजणारी हार्ड डिस्क आली तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघायची नाही. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावणार आहे. आतलं वाचणारं हेड डेटाच्या चकतीवर घासत असू शकतं आणि आपण दर प्रयत्नागणिक डेटा खरवडत असतो. ती क्लीन रूम (धूळ नसलेली बंदिस्त खोली) असलेल्या लॅबकडे पाठवायची, खर्च आधी सांगायचा, आणि तिथे आपला मोठेपणा मध्ये आणायचा नाही.

आता गाळा. भाडं, डिपॉझिट, करारातली वाढ हे सगळे बघतातच. मी मल्टिमीटर घेऊन गेलो होतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवायचं आणि अर्थिंग नीट करून घ्यायचं. आमच्या जुन्या वाड्यात मी अकरा व्होल्ट मोजलेत, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. अर्थिंग नसेल तर स्थिर विजेपासून पार्ट वाचवणारी अँटिस्टॅटिक मॅट आणि मनगटाचा पट्टा नुसते शोभेचे. मीटर व्यापारी आहे ना ते बघायचं. इन्व्हर्टर ब्लोअर चालवण्यासाठी घ्यायचा नाही, तो खेचणारही नाही. तो बायोस लिहीत असताना लाइट गेली तर बोर्ड मरू नये यासाठी असतो. तरीही माझा नियम आहे, गुरुवारी बायोसला हात लावायचा नाही. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात गुरुवारी निघतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, गिऱ्हाईक घाईत असलं की आपणच विसरतो.

कागदपत्रांचं पटकन उरकतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन सूचना पुरते, वीस झाली की नोंदणी. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि दुसऱ्या भाषेपेक्षा अक्षर लहान नको. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे एका माणसाच्या दुकानालाही लागू आहे. जीएसटी नंबर असेल तर राज्यातल्या राज्यात दुसऱ्या गाळ्याला वेगळा नंबर लागत नाही, जादा जागा म्हणून पंधरा दिवसांत जोडायची, आणि प्रमाणपत्राची प्रत तिथेही लावायची. नंबर नसेल तर सेवेसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे. दोन दुकानांची उलाढाल मात्र एकत्रच मोजली जाते, वेगळी वेगळी धरू नका. लहान धंद्यांची उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून परत पाठवा.

मालासाठी तपकीर गल्ली, सुट्या पार्टांचा बाजार, आहेच. पण नव्या गाळ्यातून उठून कोणी रोज एका डीसी जॅकसाठी (चार्जरची पिन बसते तो भाग) गल्लीत जाणार नाही, गेलं तर अर्धा दिवस गेला. म्हणून रोज लागणारं तेवढं जवळ ठेवायचं: आठ जीबीची डीडीआर ४ रॅम, जुन्या मशीनसाठी डीडीआर ३ एलच्या दोन पट्ट्या, साटा आणि एनव्हीएमई दोन्ही तऱ्हेच्या एसएसडी, चालू मॉडेलचे जॅक, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्क्रीन साठवायच्या नाहीत. दिसायला सारख्या असल्या तरी एकाला ३० पिनांचा कनेक्टर, दुसऱ्याला ४०, आणि ठेवलेली नेमकी लागत नाही. बॅटऱ्याही नाहीत, त्या खोक्यात बसूनही म्हाताऱ्या होतात. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस असे भडकले की सकाळी सांगितलेला दर संध्याकाळी तोट्यात गेला, म्हणून कोटेशनवर 'दर आजपुरता' हा शिक्का. आणि गल्लीतून येताना पक्कं बिल घेऊनच यायचं. कच्च्या बिलात वाचलेले शंभर रुपये पार्ट बदलून घ्यायला गेल्यावर दुप्पट होऊन जातात.

दुसऱ्या दुकानात बसणारा माणूस महिनाभर आधी हाताशी हवा. आयटीआयचा असला तर उत्तम, नसला तरी चालेल, हात हलका हवा. पहिले पंधरा दिवस त्यानं फक्त भंगारातले लॅपटॉप उघडायचे आणि बंद करायचे. स्क्रू कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या त्या जागी ठेवायचे. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की समोरच्या प्लास्टिकवर फुगवटा येतो, आणि तो गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारातूनच दिसतो. चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डावरची एकेक चिप बदलणं, धायरीत लगेच सुरू करायचं नाही. एक मायक्रोस्कोप, एक चांगला ब्लोअर आणि माझे डोळे नारायण पेठेतच राहतील, बोर्ड संध्याकाळी गाडीवरून इकडे येतील. आणि इथली 'एक ते चार बंद' ही पाटी मी काढणार नाही. लोक हसतात, हसू देत. बीजीएची चिप (पोटाखाली सोल्डरचे बारीक गोळे असलेली) उचलताना 'अहो दादा, माऊस आहे का?' असं कोणी विचारलं की हात हलतो. दुकान गिऱ्हाइकाला बंद असतं, टेबलाला चालू.

फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी वाळूची पत्र्याची बादली, लाकडापासून लांब. शेजारी अग्निशामक नळकांडं. या बॅटऱ्या कचरेवाल्याला द्यायच्या नाहीत. बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम त्यांना लागू आहेत, अधिकृत रिसायकलरला द्यायच्या आणि पावती ठेवायची.

वर्षाच्या करारावरची ऑफिसं सांभाळायला तारखांची वही वेगळी. सीएच्या ऑफिसात महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास देखभालीला जायचंच नाही, जीएसटीचे रिटर्न भरायची घाई असते, ३१ जुलैच्या आठवड्यात तर दारातूनच परत पाठवतात. पण त्याच दिवसांत प्रिंटर अडकला तर अर्ध्या तासात माणूस हजर हवा, नाहीतर पुढच्या वर्षी करार नाही. गणपतीत लक्ष्मी रोडच्या आसपास गाडी फिरत नाही, तेवढे दहा दिवस पेठेतली मशीनं पायी जाऊन नाहीतर रात्री उशिरा पोचवायची. पितृपक्षात नवा लॅपटॉप सहसा कोणी घेत नाही, पण जुना मोडायचा थोडाच थांबतो? तो पंधरवडा आमच्यासाठी भरगच्च असतो, म्हणून गाळ्याचं सुतारकाम त्याआधी संपलं पाहिजे.

काउंटरवर काही उत्तरं दोन्ही दुकानांत सारखी हवीत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता माझं मशीन टाकून द्यायचं का, हे रोज विचारतात. सरळ सांगायचं: इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल तर ११ वर जा, नसेल तर नुसतं पत्रलेखन आणि यूट्यूब बघणाऱ्या आजोबांना लिनक्स पुरतं, आम्ही बसवून देऊ. घाबरवून नवं मशीन विकायचं नाही. 'क्रॅक टाकून द्या की' याला उत्तर 'नाही'. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली धंद्यातल्या माणसाला किमान सात दिवस कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड आहे, एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक जण विषय बदलतात. तपासणीचे पैसे आधी सांगायचे, दुरुस्ती केली तर बिलातून वजा. न नेलेल्या मशीनचा प्रश्न दोन दुकानांत दुप्पट होणार. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू देतं, विकायचा हक्क देत नाही. त्यामुळे जॉबशीटच्या मागच्या मजकुरावर वकिलाची नजर एकदा फिरवून घ्यायची, आणि दर पंधरा दिवसांनी फोन करायचा. माझ्या माळ्यावर चार मशीनं अजून मालकांची वाट बघताहेत.

शटरच्या किल्ल्या तीन: एक पोराकडे, एक माझ्याकडे, एक घरी देवघरात. खंडेनवमीला दोन्ही दुकानांची हत्यारं एकत्र मांडायची, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, ब्लोअर, सगळी. मायक्रोस्कोपच्या काचेला गंध लावायचं नाही. सोल्डरिंग आयर्नला हळदकुंकू मुठीवर, टोकाला नको, नाहीतर दसऱ्याच्या सकाळी ते टोक सोल्डर धरत नाही.