ऑर्डर आटल्यावर टीम कशी सांभाळावी

२०१९चा ऑगस्ट महिना. भोसरी एमआयडीसीतल्या, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या आमच्या मशीन शॉपमध्ये तेव्हा दोन शिफ्ट मिळून २९ माणसं होती. ऑपरेटर, सेटर (कामासाठी मशीन लावून देणारे), हेल्पर, दोन क्वालिटीवाले, आणि त्यातली आठ मुलं कॉन्ट्रॅक्टवरची. त्या महिन्यात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षापेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. मोठ्या कंपन्या ‘नो प्रॉडक्शन डे’ जाहीर करायला लागल्या. त्यांनी एक दिवस काम थांबवलं की ते आधी गोदामातला माल संपवतात आणि मगच आमच्याकडून नवा उचलतात, त्यामुळे त्यांचा बंद आमच्या दारात मोठा होऊन यायचा. त्यात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम लागू होणार होते, म्हणून जुन्या इंजिनांचे पार्ट कुणी साठवून ठेवायला तयार नव्हतं. आणि त्या मार्चमध्ये लॉकडाऊन आला.

मी तिथे प्रॉडक्शन सुपरवायझर होतो. त्या दीड वर्षात काही जमलं, काही चुकलं, त्यावरून हे लिहितो आहे. तुमचं काम पॉवरलूमचं असेल, प्रेसचं असेल किंवा हॉटेलचं. वीस-तीस घरांची चूल तुमच्या शिफ्टवर पेटत असेल, तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

१. तोंड उघडण्याआधी आकडे हातात घ्या

टीमसमोर उभं राहण्याआधी मालक आणि अकाउंट्सवाल्यांबरोबर एक तास बसा. ग्राहकांच्या शेड्यूलमध्ये (कधी किती माल हवा, त्या यादीत) साधारण चालू महिन्याचा आकडा पक्का असतो, पुढच्या दोन महिन्यांचा अंदाजे. अंदाजे आकड्यावर भरवसा ठेवू नका, पक्क्यावरच हिशेब मांडा. किती मशीनना किती दिवसांचं काम आहे? येणी किती थकली आहेत? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. तरी कोण कधी देतं, हे तुमच्या अकाउंट्सवाल्यांना तोंडपाठ असतं. आणि मुख्य प्रश्न: आज एकही नवी ऑर्डर आली नाही, तर किती महिन्यांचे पगार निघतील?

मालक हा शेवटचा आकडा सांगायला कचरतात. आमचे शेठही कचरले. मी त्यांना एवढंच म्हणालो, “मला आकडा माहीत नसला तर मी पोरांना खोटा धीर देईन, आणि तो तुमच्या नावावर जाईल.” मग त्यांनी वही पुढे केली.

२. अफवेच्या आधी तुम्ही सांगा

शॉप फ्लोअरवर काही लपत नाही. कच्च्या मालाची गाडी दोन दिवस आली नाही की सगळ्यांना कुणकुण लागते. तुम्ही गप्प राहिलात की चहाच्या टपरीवर त्याचा अर्थ लावला जातो, आणि टपरीवरचा अर्थ खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतो.

एका दिवशी, दोन्ही शिफ्टना, त्याच शब्दांत सांगा. शिफ्ट सुरू होताना, मशीनजवळ उभ्या-उभ्या दहा मिनिटं पुरतात. केबिनमध्ये चार जणांना बोलावून ‘बाकीच्यांना सांगा’ म्हणू नका. कॉन्ट्रॅक्टची मुलंही त्याच घोळक्यात हवीत. त्यांना वगळलंत, तर उत्तर तिथेच देऊन टाकल्यासारखं होतं.

चार गोष्टी सांगायच्या: काय झालंय, काय पक्कं आहे, काय अजून ठरलेलं नाही, आणि ते मी कधी सांगेन. त्या दिवशी मी साधारण असं बोललो होतो: “आपलं सगळ्यात मोठं शेड्यूल निम्म्यावर आलंय. ऑगस्ट आणि सप्टेंबरचे पगार सात तारखेला होणार, ते पैसे बाजूला काढलेत. ओव्हरटाइम आजपासून बंद. बोनस कायद्याप्रमाणे ८.३३ टक्के मिळणारच. दरवर्षीसारखा वर काही मिळेल का, ते ठरलेलं नाही. ते २५ सप्टेंबरला, बुधवारी सांगतो.”

कुणीतरी विचारतोच, “साहेब, कुणाला काढणार का?” इथे जीभ सैल सोडू नका. “कुणालाही काढणार नाही” हे वाक्य त्या क्षणी सगळ्यांना हवं असतं, तुम्हालाही. पण ते तुमच्या हातात नाही. मी म्हणालो, “आज तसं ठरलेलं नाही. ठरलं, तर तुम्हाला बाहेरून कळणार नाही, माझ्याकडूनच कळेल.” चेहरे उतरले, पण त्यानंतर कुणी तो प्रश्न मला आडून विचारला नाही.

३. ठरलेल्या दिवशी बोला, नवीन काही नसलं तरी

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कामाला आलेली सवय हीच, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

आमच्या भागात कारखान्यांची सुटी गुरुवारी असते. म्हणून आम्ही बुधवार ठरवला. माणूस सुटीच्या दिवशी घरी बसून काळजी करतो, बायको विचारते, गावाकडून फोन येतो. तेव्हा त्याच्याजवळ सांगायला ताजं आणि खरं काहीतरी असावं. दर बुधवारी दोन्ही शिफ्टना पाच-दहा मिनिटं: या आठवड्यात किती माल गेला, पुढच्या आठवड्याला किती काम आहे, किती येणी वसूल झाली. आकडे मी फळ्यावर लिहायचो, म्हणजे रात्रपाळीवाल्यालाही तेच दिसायचे.

एका बुधवारी मी ते टाळलं. नवीन काहीच नव्हतं आणि मी थकलो होतो. नेमके त्याच दिवशी मशीनची अचूकता तपासायला बाहेरचे दोघं आले होते. व्हीएमसीभोवती, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनभोवती, मोजमापं घेतली, फोटो काढले, कागदावर मशीनचा नंबर उतरवला. शुक्रवारी मी आलो तेव्हा सगळ्या शॉपला ‘माहीत’ होतं की मशीन विकायला काढलंय. आमचा सगळ्यात चांगला सेटर गुरुवारीच चाकणला मुलाखत देऊन आला होता. तो गेला. “साहेब, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं खरंच असेल,” असं तो मला म्हणाला. त्याची जागा मला पाच महिने भरता आली नाही.

म्हणून “नवीन काही नाही, पुढच्या बुधवारी परत बोलू” एवढंच सांगायचं असलं तरी उभं राहा. धीराच्या शब्दांपेक्षा माणूस त्या दिवसाला धरून राहतो.

लॉकडाऊनमध्ये बुधवार फोनवर गेला. मुलं बीड, जालना, बुलढाण्याला गेली होती, काही उत्तर प्रदेशात. रोज पाच-सहा जणांना फोन केला की आठवड्यात सगळ्यांशी बोलणं व्हायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकून हे काम होत नाही. फोनवर आधी घरचं विचारायचं, मग कारखान्याचं.

४. पगार तोच असला तरी घरचं उत्पन्न किती घटलं, ते मोजा

“आम्ही कुणाचा पगार कापला नाही,” असं मालक अभिमानाने सांगतात आणि ते खरंही असतं. पण १६,००० रुपये महिना घेणारा ऑपरेटर पस्तीस तास ओव्हरटाइम करत असेल, तर दुप्पट दराने त्याला वर पाच हजारांहून जास्त मिळत असतात. खोलीचं भाडं पगारातून जातं. गाडीचा हप्ता आणि गावाकडचे पैसे या ओव्हरटाइममधून. तो बंद झाला की त्याच्या घरातली जवळजवळ चौथाई कमाई गेली. पगारपत्रकाच्या मूळ वेतनाच्या रकान्यात हे दिसत नाही.

तर असं करा. जो थोडाफार ओव्हरटाइम निघेल, त्याची पाळी लावा आणि यादी भिंतीवर चिकटवा. आपल्या लाडक्या दोघांना देण्याचा मोह होतो, कारण ते काम लवकर उरकतात. पण वाईट दिवसांत एका माणसाला मिळालेले जास्तीचे चार तास अख्खी शिफ्ट मोजत असते. सात तारीख चुकणार असेल, तर सहा तारखेला नव्हे, पंधरा दिवस आधी सांगा, म्हणजे त्याला हप्त्याची सोय करता येते. आणि कपात करायचीच झाली तर वरून सुरू करा. आमच्याकडे शेठनी स्वतः काही घेणं थांबवलं, मग माझा आणि मॅनेजरचा पगार कमी केला, आणि ते मी बुधवारी सांगितलं. फुशारकी म्हणून नव्हे. ते त्यांना कळायला हवं होतं.

कागदपत्रांची मदत ही खरी मदत असते. मार्च २०२०मध्ये पीएफमधून तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते परत न करण्याच्या बोलीवर काढता येऊ लागलं. आमच्या अकरा जणांचं नाव आधारवर एक आणि पीएफमध्ये दुसरं होतं. कुठे ‘बाळू’, कुठे ‘बाळासाहेब’. क्वालिटीतल्या मुलाने फोनवरून एकेकाची दुरुस्ती करून घेतली. हे काम अडचण येण्याआधीच करून ठेवा.

५. रिकाम्या हातांना खरं काम द्या

मशीन बंद असताना माणसं झाडू मारत उभी राहिली की त्यांना आपण नको आहोत असं वाटायला लागतं. पण दाखवायचं काम देऊ नका, ते त्यांना लगेच कळतं. एरवी ज्याला वेळ मिळत नाही ते काढा: फिक्श्चरची (पार्ट घट्ट धरणाऱ्या साच्यांची) दुरुस्ती, कूलंटच्या टाक्या, टूलची मोजणी. आम्ही चार हेल्परना व्हीएमसी चालवायला शिकवलं. शिकवणारा सेटर आधी नाराज होता. त्याला वाटलं, आपली जागा जाईल. त्याला बाजूला घेऊन सांगावं लागलं की शिकवण्याची नोंद पगारवाढीच्या वेळी धरली जाईल, आणि ती नोंद शेठसमोर त्याच दिवशी केली.

६. गप्प झालेल्याकडे जा

तक्रार करणारा बरा असतो. नेहमी बडबडणारा गप्प झाला, न चुकणाऱ्याचं रिजेक्शन (बाद होणारा माल) वाढलं, सोमवारच्या दांड्या सुरू झाल्या, की समजा कुठेतरी पाणी मुरतंय. चारचौघांत विचारू नका. चहाला बाहेर न्या, “झोप येते का?” एवढं विचारा आणि मग गप्प बसा. आमच्या शॉपमधल्या एका मामांनी खासगी सावकाराकडून पैसे उचलले होते, हे मला असंच कळलं. सगळं तुम्हाला सोडवता येणार नाही. बोलण्यातून जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, आणि सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर लावून द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.

७. कमी करावंच लागलं तर

२०२०च्या जूनमध्ये आम्हाला पाच जणांना कमी करावं लागलं. त्याविषयी आजही मला हलकेपणाने बोलता येत नाही.

निर्णय कुणीही घेतला असो, सांगायला तुम्हीच बसा. ठेकेदाराकरवी नको, मेसेजवर नको, गेटवर कार्ड बंद करून तर नकोच. एकेकाला, दार लावून, पहिल्या दोन वाक्यांत सांगा. हवापाण्याच्या गप्पा मारून नंतर बॉम्ब टाकू नका. कारण द्या, पण त्याच्या कामातली खोट काढू नका. ऑर्डर नाही म्हणून कमी करतोय, तर तेच सांगा. बोलताना हिशेबाचा कागद समोर हवा. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. हे त्याच्या हक्काचं आहे. उपकार केल्याच्या सुरात देऊ नका. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी द्या. ईएसआयसीमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, तेव्हा नोकरी गेलेल्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती. ती चालू आहे का ते पाहा, आणि असेल तर तिचा अर्ज कसा भरायचा, ते सोबत बसून दाखवा.

मग फोन करा. चाकण, रांजणगाव, सातारा, जिथे ओळख असेल तिथे. मी एकवीस फोन केले तेव्हा दोघांचं काम झालं.

आणि उरलेल्यांशी त्याच दिवशी बोला. ते सगळं पाहत असतात. गेलेल्यांशी तुम्ही कसे वागलात, त्यावरून ते स्वतःचा भरवसा ठरवतात.

८. तुम्ही कुणाशी बोलता?

टीमसमोर काळजी लपवू नका, पण तिचं ओझं त्यांच्यावर टाकूही नका. त्यासाठी बाहेरचा एक माणूस ठेवा. मला दुसऱ्या कारखान्यातला एक जुना सुपरवायझर होता. रविवारी आम्ही तासभर चालायचो. रात्री दहानंतर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हा नियम त्यानेच मला लावला.

९. काम परत येईल तेव्हा

२०२०च्या सणासुदीला शेड्यूल वर चढायला लागलं. अशा वेळी घाईत बाहेरून माणसं घ्यायची लहर येते. आधी ड्रॉवरमधली, कमी केलेल्यांची यादी काढा. त्यांना, जुना आधी या क्रमाने, तुम्ही स्वतः फोन लावा. आमच्या पाचांपैकी तिघे परत आले. एकाने गावाकडे दुधाचा धंदा धरला होता, एक जण साताऱ्यात रमला होता. त्या दोघांनाही फोन गेला होता. पहिला ओव्हरटाइम निघाला तेव्हा भिंतीवरची यादी आम्ही उलटी फिरवली: ज्यांना मधल्या काळात सगळ्यात कमी तास मिळाले होते, त्यांची नावं वर.